घरोटावरचे गाणे

खानदेशात जळगाव शहराजवळ आसोदे नावाचे गाव आहे. काळ्या कसदार जमिनीच्या या गावी, महाजनांच्या शेतकरी घराण्यात, १८८० साली बहिणाबाईंचा जन्म झाला. तीन भाऊ आणि तीन बहिणी अशा भरल्या घरात त्या वाढल्या. त्या काळी खेड्यातील मुलींच्या वाट्याला शाळा येत नसे. बहिणाबाईंनीही पाटी कधी हाती धरली नाही. शेत, गोठा, विहिरीची वाट आणि आखाजीच्या सणाला झाडाला बांधलेला झोका, एवढेच त्यांचे बालपणीचे जग.

वयाच्या तेराव्या वर्षी जळगावच्या नथूजी चौधरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि एका मोठ्या एकत्र कुटुंबात त्या सून म्हणून आल्या. घर मोठे, तसे कामही मोठे. दिवस उजाडण्यापूर्वीच घरोट फिरू लागे. खानदेशात जात्याला घरोट म्हणतात. दळण झाले की चूल, चूल झाली की गोठा आणि नंतर दिवसभर शेत. पेरणी, कापणी, मळणी, उपणणी. एका कामाची पाठ दुसरे काम सोडत नसे.

अशा कष्टांत संसार चालला असतानाच त्यांच्यावर दुःखाचा डोंगर कोसळला. ऐन तिशीत त्यांना वैधव्य आले. ओंकार, सोपान आणि काशी ही तीन मुले पदरात. त्यांतच प्लेगच्या आजारात ओंकारला कायमचे अपंगत्व आले. त्या काळच्या समाजात विधवेचे जिणे किती अवघड होते, हे निराळे सांगायला नको. परंतु बहिणाबाई दैवाला दोष देत बसल्या नाहीत. त्यांच्या एका गाण्यात दारी आलेल्या जोतिषाला त्या निक्षून सांगतात, की माझे दैव मला कळते, तू माझा हात पाहू नकोस. ज्या हाताची रेषा जोतिषी वाचू पाहत होता, त्याच हाताने त्यांनी घरोट फिरवला, शेत राखले आणि मुले वाढवली.

जात्यावर बसले की ओवी सुचते, अशी आपल्याकडे म्हण आहे. बहिणाबाईंच्या बाबतीत ती अक्षरशः खरी होती. काम हाती घेतले की गाणे ओठी येई. चूल पेटवताना आलेला धूर, झाडाला टांगलेला सुगरणीचा खोपा, पिकात शिरणाऱ्या ओढाळ गुरासारखे धावणारे मन, विहिरीवर चालणारी मोट, असे जे जे नित्य डोळ्यांपुढे असे, ते ते त्यांच्या गाण्यात उतरे. भाषाही तीच, घरात आणि बांधावर बोलली जाणारी. कविता करावी असा त्यांचा हेतू नव्हता. भाकरी थापावी तितक्या सहजतेने त्या गाणे रचीत आणि पुढच्या कामाला लागत.

धाकटा सोपान शाळेत जाऊ लागला. असे सांगतात, की एके दिवशी तो पुस्तकातील सावित्री-सत्यवानाची गोष्ट मोठ्याने वाचीत होता. आईने काम करता करता ती ऐकली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे गाणे तयार झाले! स्वतःला अक्षर वाचता येत नव्हते, परंतु मुलाच्या तोंडून ऐकलेला धडा तिने आपल्या वाणीत त्याला परत दिला.

सोपान पुढे कवी सोपानदेव चौधरी म्हणून नावारूपास आले. आईची काही गाणी त्यांनी आणि त्यांचे मावसभाऊ पीतांबर चौधरी यांनी वेळोवेळी वहीत टिपून ठेवली. तरी ती फार थोडी. कित्येक गाणी घरोटाच्या घरघरीत विरली, कित्येक शेतातल्या वाऱ्याबरोबर गेली. त्यांची नोंद कोणी ठेवली नाही. खुद्द बहिणाबाईंनाही ती ठेवावीशी वाटली नाही.

३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाईंचे निधन झाले. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही संकोचतच आचार्य अत्रे यांना दाखवली. ही गाणी म्हणजे अस्सल सोने आहे, हे अत्र्यांनी तत्काळ ओळखले. १९५२ साली त्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले, आणि एका घरापुरती असलेली ती माय साऱ्या महाराष्ट्राची झाली.

जळगावातील चौधरी वाड्यात आज त्यांचे स्मृतिसंग्रहालय आहे. त्यांच्या वापरातील शेतीची अवजारे आणि स्वयंपाकघरातील वस्तू तेथे जपून ठेवल्या आहेत. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. ज्या माउलीने शाळेचा उंबरठा ओलांडला नाही, तिचे नाव आता हजारो विद्यार्थ्यांच्या पदवीपत्रावर उमटते.

त्या घरोटावर दळलेले पीठ त्या त्या दिवशीच संपले. गाणी मात्र उरली, कारण घरात कोणीतरी ती कान देऊन ऐकली आणि वेळीच उतरवून घेतली. आजही कितीतरी घरांत एखादी आजी काम करता करता स्वतःशीच काही गुणगुणत असते. तिच्याजवळ घटकाभर बसून ते ऐकणारे कोणी हवे.