वहीवरचं हिरवं पान



जून आला की ठाकुर्लीतल्या दुकानांत वह्यांचे गठ्ठे लागतात. कव्हरवर हिरवं पान दिसलं की आपण निश्चिंत होतो. वनस्पतीतही जीव मानणारी आपण माणसं. पण पान कुणीही छापू शकतं. तीन बाणांचं चिन्हही बहुतेकदा ‘हा कागद पुन्हा लगद्यात जाऊ शकतो’ एवढंच सांगतं.

एफएससीचं चिन्ह मात्र बाहेरच्या तपासणीनंतरच मिळतं. त्याखालचा शब्द मी आवर्जून वाचते. ‘१००%’ सगळ्यात शुद्ध वाटतं, पण त्याचा अर्थ लाकूड नीट राखलेल्या जंगलातलं. झाड तोडलेलंच असतं. ‘मिक्स’ म्हणजे सरमिसळ. ‘रिसायकल्ड’ म्हणजे वापरलेल्या मालातून केलेला कागद. म्हणून मी तोच शोधते. शंका आली तर चिन्हाजवळचा परवाना क्रमांक एफएससीच्या वेबसाइटवर तपासता येतो.

आपल्या सरकारचं इकोमार्क १९९१ पासून आहे. त्याची खूण मातीचं मडकं.

आणि हो, नवीन वह्या घेण्याआधी गेल्या वर्षीच्या वह्यांतली कोरी पानं काढून एकत्र शिवा. आमच्याकडे त्यातून दोन कच्च्या वह्या सहज होतात.