डिकीतला ताप

“दादा, अर्धा तास बरा वाजतो, मग बास एकदम गप्प. ॲम्प उडाला वाटतं, दुसराच टाका.” रत्नागिरीत गाडीच्या ऑडिओचं काम करणाऱ्या कारागिराला मे महिन्यात ही तक्रार नवी नसते. गाडी सावलीत घेतली, थोडा वेळ गेला, की तोच ॲम्प्लिफायर पुन्हा वाजू लागतो. म्हणजे तो उडालेला नाही. हीटसिंकचं तापमान साधारण 80-90 अंशांवर गेलं की आतलं संरक्षण आवाज बंद करतं, कारण ट्रान्झिस्टरमधलं सिलिकॉन त्याहून बरंच तापलेलं असतं आणि 150 अंशांच्या पुढे बहुतेकांचा भरवसा राहत नाही. अशा वेळी नवा ॲम्प विकणं सोपं. पण जुना ज्या कारणानं तापला ते कारण गाडीतच राहतं आणि नव्यालाही तापवतं.

हिशेब साधा आहे. क्लास एबी ॲम्प्लिफायर पूर्ण जोरात 300 वॅट देत असेल आणि त्याची कार्यक्षमता 60 टक्के धरली, तर तो बॅटरीकडून 500 वॅट ओढतो. मधले 200 वॅट त्या चपट्या डब्यात उष्णता होऊन राहतात. 25 वॅटची आठ सोल्डरिंग आयर्न एकदम लावून ठेवावीत तसे. क्लास डी असेल आणि कार्यक्षमता 85 टक्के असेल, तर तेवढ्याच आवाजाला उष्णता 53 वॅटच्या आसपास होते. सबवूफरसाठी चांगला कारागीर क्लास डी सुचवतो तो यामुळे.

ही उष्णता बाहेर कुठे टाकायची? भाट्याच्या किनाऱ्यावर उन्हात उभ्या केलेल्या गाडीत बाहेर 33 अंश असले तरी आतला पारा पन्नाशी सहज गाठतो. अशा डिकीत ॲम्प गालिच्यात रुतवलेला, वर सामानाच्या पिशव्या. काही गाड्यांत तो मागच्या फळीखाली उलटा टांगलेला असतो. गरम हवा वर जाते आणि त्याच्याच पोटाशी साचते. जांभ्याची तांबडी धूळ हीटसिंकच्या पात्यांत बसून राहते ती वेगळीच. अशा वेळी ॲम्प उभा करून, पाती वर-खाली येतील असा बसवला आणि भोवती चार बोटं मोकळी ठेवली, तरी फरक दिसतो. एक पंखा हवा आत घेणारा आणि एक बाहेर टाकणारा, हे त्यानंतरचं काम.

पंखा आधी लावला तर रोग झाकला जातो.

आधी ओहम मोजायला हवेत. 4 ओहमचे दोन सबवूफर समांतर जोडले की भार 2 ओहम होतो. ॲम्प ब्रिज करून, म्हणजे दोन चॅनेल एकत्र जोडून, चालवला असेल तर त्याच्या प्रत्येक चॅनेलला प्रत्यक्षात 1 ओहमच दिसतो. ब्रिजमध्ये 4 ओहमच्या खाली जाऊ नका, असं अनेक ॲम्पच्या पत्रकात छापलेलं असतं, पण ते पत्रक खोक्यातच राहून गेलेलं असतं.

मग अर्थिंग. मिरकरवाडा, मांडवी, भाट्ये, सगळीकडे खारा वारा, आणि जून ते सप्टेंबर मुसळधार पाऊस. रंग न खरवडता पत्र्यावर आवळलेला बोल्ट इथे लवकर गंजतो, थिंबलमधलं, म्हणजे वायरच्या टोकाला बसवलेल्या कडीतलं, तांबं हिरवं पडतं. अशा सांध्याचा रोध 0.05 ओहम झाला आणि 40 अँपिअर वाहू लागले, की 2 व्होल्ट वाटेतच जातात आणि 80 वॅट त्या एका बोल्टवर जळतात. ज्या ॲम्पचा आतला पुरवठा नियंत्रित असतो, तो ही तूट भरून काढायला आणखी करंट ओढतो आणि जास्त तापतो. ज्याचा नसतो, त्याचा आवाज लवकर फाटतो. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्त मिळते, पण ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साधारण 60 टक्केच. तीच जाडी घेतली तर तूट वाढते. म्हणून पत्रा चकचकीत होईस्तोवर पॉलिश पेपर मारायचा, कथील लावलेलं थिंबल आवळायचं, वरून ग्रीस. गाणं मोठं करून, ॲम्पच्या अर्थपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मीटर धरायचा. अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर काम झालेलं नाही.

शेवटी गेन. हे बटण आवाज वाढवायचं नाही, हेड युनिटच्या सिग्नलशी ॲम्पचं जमवून घ्यायचं आहे. ते शेवटपर्यंत पिळलं की लहरींची डोकी कापली जातात. पूर्ण चौकोनी झालेली लहर तेवढ्याच उंचीच्या गोल लहरीच्या दुप्पट शक्ती वाहते. तिनं सबवूफरची कॉइल भाजते आणि ॲम्पलाही उसंत मिळत नाही. 4 ओहमवर 100 वॅट हवे असतील तर 50 हर्ट्झचा सूर लावून आउटपुटला 20 व्होल्ट येतील तिथे गेन थांबवायचा. कानांवर विसंबून हे ठरत नाही. फाटायची सुरुवात बासमध्ये उशिरा ऐकू येते.

एवढं झाल्यावर डिकी बंद करून, गाडी चालू ठेवून, गिऱ्हाइकाच्या आवडीचंच गाणं त्याच्या नेहमीच्या जोरात अर्धा तास वाजवायचं. गणपतीला गावी आलेल्या चाकरमान्याला हा अर्धा तास जड जातो, पण तो सोडून चालत नाही. बिलात नवा ॲम्प नसतो: दोन थिंबल, जाड तांब्याची वायर, गरज पडली तर पंखे, आणि मजुरी. मजुरीवर घासाघीस होते. कामाआधीचा आणि नंतरचा मीटरचा आकडा त्याच बिलावर लिहून दिला, तर पाऊस संपल्यावर तोच बोल्ट पुन्हा मोजून दोघांनाही सांधा टिकला की नाही ते पाहता येतं.