राजवाड्या, तुझ्या भोवतीचा एक दिवस

प्रिय राजवाड्या,

इंदुरात मित्रमंडळींचं भटकायचं ठरलं की 'कुठे भेटायचं?' असं कुणी विचारत नाही. 'राजवाड्यावर किती वाजता?' एवढंच विचारतात. मागच्या रविवारी पुण्या-नागपूरहून आलेल्या मैत्रिणींना मीही तेच कळवलं आणि दिवसभर आम्ही तुझ्याच अवतीभवती हिंडलो. त्या दिवशी जे मनात आलं ते तुलाच सांगायला हवं.

सकाळी पोहे-जिलबी झाली. वर शेव, कांदा आणि जिरावण मसाला पडल्याशिवाय इथे पोह्यांची प्लेट हातात येत नाही. मग इतवारिया बाजारात सेठ हुकुमचंदांनी बांधलेलं, आतून नखशिखान्त काचेनं मढवलेलं काच मंदिर पाहिलं. तिथून होळकर राजघराण्याच्या स्मृत्यर्थ नदीकाठी उभ्या असलेल्या कृष्णपुऱ्याच्या छत्र्या. सगळं पायी, गप्पा मारत.

ऊन उतरलं तेव्हा तुझ्या दारातून आत आलो. मल्हारराव होळकरांनी 1747 च्या सुमारास तुझं बांधकाम काढलं. सात मजली देवडी, खालचे तीन मजले दगडी, वरचे लाकडी. या लाकडानंच घात केला. 1801 मध्ये शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्यानं इंदूर लुटलं तेव्हा तू जळलास, 1908 मध्ये पुन्हा, आणि 1984 च्या दंगलीत तर दर्शनी भाग तेवढा वाचला. मागचा वाडा उषाराजे होळकरांनी या शतकात जुन्या धाटणीनं पुन्हा बांधून घेतला. हे ऐकून पुण्याची मैत्रीण गप्पच झाली. मग म्हणाली, "आमचा शनिवारवाडा 1828 च्या आगीत गेला, तो गेलाच. तटबंदी, दरवाजे नि जोती तेवढी उरली. तुम्ही नशीबवान आहात गं."

नशीब आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तुझ्यावरचा लोकांचा हक्क. भारतानं क्रिकेटचा मोठा सामना जिंकला की रात्री अख्खं शहर तुझ्यासमोर लोटतं. रंगपंचमीची मिरवणूक, म्हणजे गेर, रंगांचे फवारे उडवत तुझ्याच पुढ्यात येते. एरवीच्या संध्याकाळी समोरच्या बागेत, अहिल्यादेवींच्या पुतळ्याजवळ, पोरंटोरं, आजीआजोबा, कॉलेजची टोळकी निवांत बसलेली असतात. मॉलमधल्या कॅफेत बसायचं तर आधी काहीतरी विकत घ्यावं लागतं. तुझ्यासमोर खिशात दमडी नसली तरी मैत्री रंगते. म्हणूनच शहराला तुझ्यासारखी जागा हवी.

रात्री सराफ्यात शिरलो. सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की त्यांच्याच ओट्यांवर खाण्याचे ठेले लागतात. भुट्ट्याचा कीस करणाऱ्यासमोर आम्ही बराच वेळ उभ्या होतो. तुपात हिंग-मिरचीची फोडणी, त्यात किसलेला कोवळा मका, मग दूध. उलथनं एकसारखं कढईच्या तळाशी फिरत होतं. कीस कडेनं सुटू लागला तसं त्यानं द्रोणात काढून वर खोबरं-कोथिंबीर भुरभुरली आणि लिंबू पिळलं. नागपूरच्या मैत्रिणीनं दुसरा द्रोण मागितला. दही-वडेवाल्यानं द्रोण वर उडवून अलगद झेलला तेव्हा तर तिनं टाळ्याच वाजवल्या.

दोन गोष्टींनी मात्र जीव तुटतो. बाहेरून येणारे बहुतेक जण थेट सराफ्यात जातात, खातात आणि तुझ्या दर्शनी भागासमोर फोटो काढून परततात. आणि तुझ्या चौकात माणसांपेक्षा दुचाक्याच जास्त घुसतात.

तेव्हा तुझ्या साक्षीनं माझ्या इंदूरकरांना विनंती करते: पाहुणे आले की त्यांना दिवसाउजेडी आधी राजवाड्याच्या आत न्या, मल्हारी मार्तंडाचं दर्शन घडवा, तीनदा जळून उभ्या राहिलेल्या या वास्तूची गोष्ट सांगा आणि मगच सराफ्याकडे वळा. गाडी लांब लावा, चालत या. हा चौक चालणाऱ्यांचा राहिला तरच पुढच्या पिढीच्या मित्रमंडळींना इथे बसायला जागा उरेल.

तुझीच,
एक इंदूरकर