नळीची बैठक

कलकत्त्यास बदली होऊन आल्यावर पहिल्या वर्षी मी दोनच गोष्टी मनापासून केल्या. मिरजेच्या कोरड्या हवेची आठवण काढली, आणि एका रायफल क्लबात नाव घातले. दुसरीचे कारण आपल्याकडचेच होते. १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले. आणि हा नेमबाज रेल्वेत तिकीट तपासनीस होता हे वाचल्यापासून सरकारी नोकरीविषयी माझ्या मनात कधी नव्हे तो आदर उत्पन्न झाला.

पन्नास मीटरच्या लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे सदऱ्याच्या गुंडीएवढे असते. माझ्या वाट्यास आलेली क्लबची जुनी पॉइंट टू-टू रायफल हिवाळ्यात पाच गोळ्या दहा रुपयांच्या नाण्याखाली झाकता येतील इतक्या जवळ टाकी. आषाढ लागला आणि ती डावीकडे भरकटू लागली. दोष माझाच असावा असे प्रथम वाटले. तसे वाटण्यास पूर्वपुरावाही भरपूर होता. परंतु दुसऱ्यांच्या हातीही ती तशीच वागू लागली, तेव्हा मी वाचन आरंभिले.

वाचनातून कळले ते असे. गोळी सुटताना रायफलची नळी स्थिर नसते, तारेसारखी थरथरते. गोळी बाहेर पडते ती या थरथरीतच. थरथर दर वेळी सारखी असेल तर गोळ्याही एका जागी जातात. पण नळीखालचे लाकूड पावसाळ्यात ओल पिऊन फुगते, एका अंगाने नळीला टेकते आणि तिला दुसऱ्या अंगास रेटते. यावर उपाय सांगितला होता तो नळी मोकळी करण्याचा: यंत्राचा भाग तेवढा लाकडात पक्का बसवावा आणि पुढे नळीला कशाचाही स्पर्श होऊ देऊ नये. एखादी नोट नळी व लाकूड यांमधून टोकापासून यंत्रापर्यंत सरकली की काम झाले. आजच्या स्पर्धांतील जाड नळीच्या रायफली अशाच असतात.

क्लबातील शस्त्रांची देखभाल उस्ताद करीत. ते पूर्वी सैन्यात याच कामावर होते. वय सत्तरीपलीकडचे, नजर अधू, पण बोटांनी लाकूड वाचीत. मी माझे ज्ञान त्यांच्यापुढे मांडले. ते म्हणाले, "बाबू, आश्विनापर्यंत थांबा. लाकूड सुकू द्या. मग बघू."

आंतरखात्यांची स्पर्धा भाद्रपदात होती. मी थांबलो नाही. एका रविवारी उस्ताद आले नव्हते, तेव्हा मी लाकडाची पन्हळ काचकागदाने घासली. टोकाजवळ तळाशी एक लहानसा उंचवटा लागला. तोही सपाट केला. दहाची नोट सुळकन आत गेली. परीक्षेत पहिला आल्यासारखा आनंद झाला.

तो दहा गोळ्या टिकला. डावीकडची ओढ गेली होती खरी; पण गोळ्या आता वरखाली विखरू लागल्या, पहिल्याहून दुप्पट.

दुसऱ्या रविवारी उस्तादांनी रायफल उलटी धरून पन्हळीतून बोट फिरविले. टोकाशी ते थांबले. "नोट गेली?" त्यांनी विचारले. मी हो म्हटले. "आणि गोळ्या?" ते रागावले असते तर बरे झाले असते. तो उंचवटा त्यांनी स्वतः, डोळे शाबूत असताना, कित्येक दिवस गोळ्या झाडून झाडून बसविलेला होता.

मग त्यांनी सांगितले ते माझ्या वाचनात आले नव्हते, किंवा आले असून मी ओलांडले होते. पातळ नळीला कधी कधी टोकाशी थोडा आधार मानवतो. जुन्या लष्करी .३०३ रायफलींपैकी चौथ्या नंबरच्या रायफलीत तर नळीच्या तोंडाशी लाकडाने खालून दोन ते सात पौंडांचा दाब द्यावा, असेच ठरलेले होते. मला एकदम मिरजेची सतारमेकरांची गल्ली आठवली. तंबोऱ्याची तार घोडीवर मोकळी असून भागत नाही. तिच्याखाली सुताचा धागा नेमक्या जागी सरकवावा, तेव्हा ती बोलते. हे मी लहानपणापासून पाहिले होते, आणि काचकागद हाती घेताना विसरलो होतो.

दुरुस्तीस तीन रविवार लागले. यंत्राच्या बैठकीत रेझिन भरून, ते धातूला चिकटू नये म्हणून मेणाचा हात देऊन, रायफल रात्रभर ठेवली. लाकडाच्या बाजू मोकळ्याच ठेवल्या. राहिला टोकाचा आधार. उस्तादांचे हात आता कापत; म्हणून पट्ट्या मी कापायच्या, बोटाने जाडी त्यांनी पाहायची, आणि प्रत्येक पट्टीवर पाच गोळ्या. अशा अकरा पट्ट्या वाया गेल्या. स्पर्धा तेवढ्यात होऊन गेली. मी प्रेक्षकांत बसलो होतो.

बारावी पट्टी बसली. तिचा पुठ्ठा कार्यालयातील फायलीला बांधतात त्या चिठ्ठीचा होता, हा सरकारी मालाचा अपहार मी येथे कबूल करतो. तिच्यावर काय छापले आहे असे उस्तादांनी विचारले. 'तत्काल', मी वाचून दाखविले. ते बराच वेळ हसत होते. मग म्हणाले, ती बाजू खाली घाला.