ठेका तुझा, नाव कोणाचं?

प्रिय सायली,

तुमच्या बँडचं पहिलं गाणं पुढच्या महिन्यात येतंय, असं ताईने सांगितलं. मनापासून अभिनंदन! कार्यक्रमांत लोक कव्हरच, म्हणजे दुसऱ्यांची गाणीच मागतात, ही तुझी कुरकुरही तिने पोचवली.

त्याचं फार मनावर घेऊ नकोस. मुंबईत १९८४ साली सुरू झालेला रॉक मशीन हा बँडही आधी परदेशी गाणीच वाजवायचा. १९८८ मध्ये त्यांचा स्वतःचा अल्बम आला आणि १९९३ मध्ये त्यांनी इंडस क्रीड हे नाव घेतलं. दिल्लीचा इंडियन ओशन १९९० चा, पण ज्याने त्यांचं नाव सर्वदूर झालं तो ‘कंदिसा’ अल्बम यायला २००० उजाडलं. करोलबागेतल्या ज्या जुन्या घरात ते वर्षानुवर्षं तालीम करत, त्याचा पत्ताच त्यांनी पुढे एका अल्बमला दिला: ‘१६/३३० खजूर रोड’. २०१० मध्ये त्यातली गाणी त्यांनी दरमहा एक अशी फुकट वाटली.

सांगायचं म्हणजे, श्रोते हळूहळू जमतात. तोवर तुम्ही चौघं एकत्र टिकायला हवं. खिसे रिकामे असताना सगळे भाऊ-भाऊ असतात. एखादं गाणं जाहिरातीत गेलं, चार पैसे आले, की ‘चाल कोणाची?’ सुरू होतं.

म्हणून आत्ताच बसा. गाण्यात दोन वेगळे हक्क असतात: एक शब्द आणि चालीचा, दुसरा रेकॉर्डिंगचा. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करायला १९६९ पासून आयपीआरएस ही संस्था आहे. २०१२ च्या कायदादुरुस्तीने तर तो रॉयल्टीचा वाटा कंपनीला लिहून देण्याची वाटच बंद केली. पण तो मिळतो गीतकार-संगीतकार म्हणून नाव असलेल्यालाच, आणि तुझ्यासारखा ड्रमर बहुतेकदा त्या यादीत नसतो. ज्या गाण्याचा डोलारा तुझ्या ठेक्यावर उभा आहे, तिथे तुझं नाव असावं की नसावं, हे मित्रांना तोंडावर विचार. संकोच करू नकोस. कोणाचा किती टक्के, रेकॉर्डिंगचा खर्च कोणी केला, कोणी बँड सोडला तर नाव कोणाकडे राहणार, हे एका कागदावर लिहून चौघांनी सह्या करा.

हे विचारल्याने मैत्री तुटणार असेल, तर ती पहिल्या मोठ्या चेकलाही टिकली नसती.

तुझा,
मामा