टिप्याची ओली जागा

खानदेशातल्या कुत्र्याला उन्हाळ्यात गादी नको असते, ओली जमीन हवी असते. हे आम्हाला टिप्याने दाखवलं. पारोळ्याच्या बाजूला आमचं गावचं घर, जाड मातीच्या भिंतींचं, वर धाबं. ओसरीच्या कोपऱ्यात वाळूत बसवलेला रांजण होता. त्याच्या अंगातून पाणी पाझरायचं आणि बुडाशी वाळू कायम ओली असायची. सकाळी दहाच्या सुमाराला ऊन चढू लागलं की टिप्या तिथे जायचा. पुढच्या पायांनी वरची कोरडी वाळू उकरून मागे सारायचा, दोनतीनदा स्वतःभोवती फिरायचा आणि मागचे पाय बेडकासारखे पसरून पोट खालच्या गारव्याला लावायचा. मग हनुवटी रांजणाला टेकली की त्याचे डोळे मिटायचे. ऊन कलेपर्यंत त्याला तिथून उठवायची कुणाची हिंमत नव्हती. पाणी घ्यायला गेलेली आईसुद्धा त्याच्या पाठीवरून वाकून तांब्या बुडवायची.

कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, थोडाफार येतो तो तळपायांना. बाकी सगळी भिस्त धापेवर. जिभेवरची ओल उडते आणि जाताना अंगातली उष्णता घेऊन जाते. रांजणही याच नियमाने गार होतो. निरोगी कुत्र्याचं तापमान मुळातच ३८-३९ अंश असतं, आणि जळगाव-धुळ्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. अशा हवेत वारा अंगाला गार करत नाही, तापवतो. वर अंगावर केसांचं पांघरूण. पोटाकडे मात्र केस विरळ, म्हणून पोट ओल्या वाळूला लावणं हा सगळ्यात शहाणपणाचा उपाय. आजही आपल्याकडे अंगणात बादलीभर पाणी ओतून दिलं, एखादं गोणपाट भिजवून सावलीला टाकलं, तर रस्त्यावरचं कुत्रंही दुपार काढतं. याला खर्च काहीच नाही, आणि मला वाटतं, प्रत्येक दाराशी एवढं व्हायलाच हवं.

टिप्या कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्यामुळे टिप्या झाला. बाकी सगळा काळा, गावठी, कान एक उभा आणि एक मोडलेला. पट्टा आजीने केला. बैलांच्या जुन्या घुंगुरमाळेतलं एक घुंगरू काढून तिने ते चामड्याच्या पट्ट्याला सुतळीने बांधलं. घुंगरू वाजलं की, ‘‘कथा गयथा रे?’’ असं आजी घरातूनच विचारायची आणि तो उत्तर दिल्यासारखा उंबऱ्याशी येऊन बसायचा. कळण्याची भाकरी ताकात कुस्करून, हेच त्याचं जेवण. पोळ्याच्या दिवशी बैलांना पुरणपोळी भरवून झाली की पाळी त्याची. त्याआधी कितीही वास सुटला तरी तो गोठ्याच्या दारापुढे सरकत नसे.

हिवाळ्यातलं सुख वेगळं. भरिताचा बेत असला की शेतात पऱ्हाट्या पेटवून त्यात वांगी भाजायची. वांगी काढली, माणसं जेवायला बसली, जाळ निवला, की टिप्या त्या राखेच्या कडेला जायचा. आधी एक पंजा ठेवून बघायचा. चटका बसला तर मागे येऊन बसायचा, वाट बघायचा, पुन्हा पंजा ठेवायचा. राख सोसण्याइतकी निवली की तिच्यातच अंग टाकायचा. रात्री घरी येताना काळा कुत्रा करडा होऊन यायचा आणि आई त्याला ओसरीच्या पुढे येऊ द्यायची नाही.

वडिलांची, म्हणजे आप्पांची, बदली धुळ्याला झाली तेव्हा सामानाच्या टेम्पोत तोही आला. भाड्याच्या घरात सगळीकडे गुळगुळीत फरशी. रांजण गावीच राहिलेला, इथे तिवईवर माठ. टिप्या खोल्या हिंडायचा, फरशीवर नखं घासायचा, बसायचा, उठायचा. खाणं निम्म्यावर आलं. आईने काही दिवस बघितलं आणि मग भावाला पांझरा नदीवर पाठवून वाळूचं घमेलं आणवलं. मागच्या गॅलरीत विटा लावून वाफा केला, वाळू ओतली, माठ तिवईवरून काढून त्या वाळूत बसवला. टिप्या आला, त्याने वास घेतला, उकरलं, फिरला आणि बसला. त्या संध्याकाळी त्याने भाकरी पुरी संपवली. धुळं त्याचं झालं ते त्या दिवसापासून.

तो म्हातारपणाने गेला. डोळ्यांत मोतीबिंदू, मागचे पाय अधू. गावच्या मळ्यात निंबाखाली त्याला पुरलं आणि आप्पांनी वर एक धोंडा ठेवला.

कुत्र्यासाठी दगड उभारणं आपल्या मुलखाला नवीन नाही. रायगडावर वाघ्याचा पुतळा आहे. त्याने शिवाजी महाराजांच्या चितेत उडी घेतल्याच्या कथेला समकालीन कागदांचा आधार नाही, पण राम गणेश गडकऱ्यांनी आपलं ‘राजसंन्यास’ नाटक त्याच वाघ्याला अर्पण केलं. त्याहून कितीतरी जुना दगड बंगळूरच्या सरकारी संग्रहालयात आहे, कर्नाटकातल्या आतकूरचा, इसवी सन ९५० च्या सुमाराचा. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्यासाठी चोळांशी लढलेल्या गंग बूतुगाने आपल्या मणलेर नावाच्या वीराला बक्षीस मागायला सांगितलं, तर त्याने काळी नावाचा कुत्रा मागून घेतला. पुढे रानडुकराशी झुंजताना डुक्कर आणि कुत्रा दोघेही मेले. मणलेराने दगड बसवला, त्याच्या पूजेसाठी जमीन लावून दिली, आणि पूजेत कुचराई करणाऱ्याला पाप लागेल असंही कोरून ठेवलं. त्या काळी खानदेशही राष्ट्रकूटांच्याच सत्तेत होता. दगडावर झुंजीचं दृश्य आहे, दोन्ही जनावरं एकमेकांना भिडलेली. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभा होतो. काळीचा पराक्रम हजार वर्षं टिकला याचा आनंद वाटला आणि एक हळहळही वाटली. तो कुठे झोपायचा, उन्हात कुठल्या भिंतीला टेकायचा, कुणाच्या हातचं खायचा, यातलं काहीच त्या दगडावर नाही. मणलेराला ते ठाऊक असणारच. पराक्रमाचा कुत्रा सगळ्या राज्याचा होतो, झोपणारा कुत्रा मात्र घराचाच असतो, आणि मला टिप्याचं तेच जपायचं आहे.

टिप्या गेल्यानंतरच्या पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आजीने ते जपलंच. आखाजीला आमच्याकडे पितरांच्या नावाने घागर भरतात, तिच्यावर डांगर ठेवतात आणि चुलीतल्या विस्तवावर घासाची आगारी टाकतात. सगळ्या पितरांची नावं घेऊन झाली, तरी आजीच्या हातात एक घास उरला होता. कळण्याच्या भाकरीचा तुकडा, ताकात भिजवलेला. आप्पा काही बोलणार तोच ती म्हणाली, ‘‘तो भी घरनाच व्हता.’’ आणि घास विस्तवावर पडला. आप्पांनी हात जोडले.

त्याच्या वस्तू आता वाटल्या गेल्या आहेत. ज्या गोधडीवर तो पावसाळ्यात झोपायचा तिचा एक तुकडा बहिणीकडे आहे, धुतलेला नाही, काळे केस अजून टाक्यांत अडकलेले. पट्टा माझ्याकडे. घुंगरू भाऊ दरवर्षी पोळ्याला बैलाच्या माळेत ओवतो आणि दुसऱ्या दिवशी काढून मला परत पाठवतो. फोटो एकच, त्यात तो हलल्यामुळे चेहरा पुसट आलाय, मोडलेला कान तेवढा नीट दिसतो.

गावच्या घरात अंगणाला कोबा केला होता तेव्हा ओल्या सिमेंटवरून तो चालत गेला. गवंडी थापी घेऊन धावला, तेवढ्यात आईने त्याला थांबवलं. चार बोटं, मागची गादी आणि पुढे नखांचे टोचे, सगळं स्वच्छ उमटलंय. मांजर चालताना नखं आत घेते, कुत्र्याला ती आत घेता येत नाहीत, म्हणून ठशात नखं दिसतात हे मी त्या कोब्यावरच शिकलो. यंदा भाऊ अंगणात फरशी बसवतोय. मिस्त्रीला बोलावून घेतलंय, कटरने तेवढा चौकोन कापून काढायचा. कोबा जुना आहे, कापताना तडकू शकतो असं तो म्हणतो. तडकणार असेल तर फरशी तेवढी जागा सोडूनच बसवायची, हे भावाने आधीच ठरवून टाकलंय आणि वहिनीने त्या जागेभोवती खडूने रेघ मारून ठेवली आहे.