पातं मधोमध हवं

रॉजर्सचा चाकू ज्यांच्या घरी होता, त्यांना तो मिटतानाचा ‘खट्’ आवाज आठवत असेल. माल शेफील्डचा, बुडाशी तारा आणि क्रॉसची खूण, मुठीला शिंग. आमच्या आजोबांचा दोन पात्यांचा होता. मोठं पातं कैरीला, धाकटं आधी बोरूला आणि पुढे आम्हा नातवंडांच्या पेन्सिलींना. वापरून वापरून पातं एका अंगाला कलायचं, मिटताना आतल्या पितळी पट्टीला घासायचं. मग चाकू धारवाल्याकडे जायचा.

धारवाले काका आधी नुसते बघत बसत. मिटलेला चाकू उजेडाकडे धरून पात्याच्या दोन्ही बाजूंची फट न्याहाळायची. मग उघडून पातं आडवं हलवायचं. डुगडुगलं तर रिबिट ढिलं. घट्ट असूनही कललेलं असेल तर पातं नाहीतर पट्टी वाकलेली. कित्येकदा दोष नसायचाच, सांध्यात चीक आणि खिशातला कचरा वाळून बसलेला असे. थेंबभर रॉकेल आणि फडकं, काम झालं. रिबिट ठोकायचंच झालं तर पातं आणि पट्टीच्या मध्ये पत्र्याची पातळ चिपटी सरकवून ऐरणीवर हलके ठोके. एक जास्त पडला की पातं आवळून बसलं, नाहीतर शिंगाला तडा. दोन पात्यांच्या चाकूत तर एखादं पातं बुडाशी मुद्दामच किंचित वाकवलेलं असतं, शेजारच्याला घासू नये म्हणून. ते ‘सरळ’ करून देणारे महाभागही होते!

आताच्या बऱ्याच चाकूंत रिबिटाच्या जागी टॉर्क्स स्क्रू आणि फॉस्फर ब्राँझचे वॉशर असतात. पातं कललं तर मुठीचे स्क्रू जरा सैल करा, मिटलेलं पातं हाताने मधोमध आणा, थोडं थोडं आवळत जा. नाहीच जमलं तर खोलून वॉशर बघा, एखादा झिजलेला निघतो. शेवटी मळसूत्राला निळं लॉकटाइट. चुकलं तर पुन्हा खोलता येतं, ठोकलेलं रिबिट मात्र मागे घेता येत नसे. या बाबतीत जुन्याचे गोडवे मी गाणार नाही.

पण हातात पेचकस आला आणि बघणं गेलं. परवा पुतण्याचा तासभर खेळ चालला होता. स्क्रू आवळला की पातं उघडेना, सोडला की डुगडुगे. मी चाकू घेऊन पात्याच्या पाठीवरून नजर टाकली, तर पातंच वाकलेलं. रंगाच्या डब्याचं झाकण त्याच पात्याने उचकटलं होतं म्हणे.